पन्नास खाटा, एक काळजीवाहक
शहरी बेघरांच्या निवाऱ्यासाठी येणारा पैसा आणि लागणारी माणसे: एक आढावा

बेघरांसाठी सरकार काय करते, असे विचारले की उत्तर इमारतींत येते. इतकी निवारा केंद्रे मंजूर, इतकी बांधून पूर्ण, इतक्या खाटा. ती केंद्रे रात्री अडीच वाजता कोण सांभाळते, त्याला पगार किती, तो कोणाकडून मिळतो आणि किती महिन्यांनी, हे कोणी फारसे विचारत नाही. गेल्या पंधरा वर्षांत न्यायालये, केंद्राची योजना आणि स्वयंसेवी संस्था यांच्या रेट्याने हा प्रश्न बराच पुढे सरकला. तरीही मुंबईचे पदपथ, पुण्यातले उड्डाणपुलांचे आडोसे आणि नागपूरच्या स्थानकाबाहेरची फरशी रात्री भरलेलीच असते. जागा नाही, पैसा नाही, इच्छाशक्ती नाही ही नेहमीची कारणे खोटी नाहीत. पण निधीची रचनाच अशी आहे की भिंतींसाठी तरतूद होते आणि त्या भिंतींच्या आत काम करणाऱ्या माणसांसाठी हात आखडतो. या कारणाची चर्चा मात्र कमी होते.

आधी मोजणी

बेघरांचा शेवटचा अधिकृत आकडा 2011 च्या जनगणनेतला आहे. 28 फेब्रुवारी 2011 च्या रात्री देशभर उघड्यावर झोपणाऱ्यांची मोजणी झाली. पदपथ, पुलाखालची जागा, मोठे पाइप, जिन्याखालचा कोपरा, देवळाचा मंडप, रेल्वेचा फलाट अशा ठिकाणी त्या रात्री सुमारे 17.7 लाख माणसे सापडली. त्यांतली 9.38 लाख शहरांतली होती. महाराष्ट्रात हा आकडा 2.1 लाख, म्हणजे उत्तर प्रदेशाच्या खालोखाल देशात दुसरा. राज्याच्या शहरी भागात सुमारे 1.11 लाख आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक, सुमारे 57 हजार, एकट्या मुंबईत.

या आकड्यावर संस्थांचा आक्षेप पहिल्यापासून आहे. एका रात्रीत, ठराविक ठिकाणी, प्रगणकाला दिसतील तेवढीच माणसे मोजली जातात. केटरिंगच्या कामावर, मासळीच्या धक्क्यावर किंवा भाजी मंडईत रात्रपाळीला असलेला माणूस त्या रात्री झोपलेलाच नसतो. पोलिसांनी हुसकावलेली कुटुंबे ठिकाण बदलतात. नियोजनाला अधिकृत आधार मात्र याच आकड्यांचा असतो. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. म्हणजे तोवरचे सगळे नियोजन दीड दशक जुन्या एका रात्रीवर उभे आहे.

न्यायालयाने लावलेली मोजपट्टी

बेघरांचा प्रश्न न्यायालयात पहिल्यांदा गाजला तो मुंबईमुळे. 1981 च्या पावसाळ्यात बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना पदपथवासीयांना हटवण्याची मोहीम निघाली आणि त्यातून ओल्गा टेलिस खटला उभा राहिला. 1985 च्या निकालाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्काचा भाग मानला. पण पदपथ रिकामे करण्याचा महापालिकेचा अधिकारही कायम ठेवला, साधारणपणे आधी नोटीस द्यावी असे सांगितले. हटवल्यावर माणसाने जायचे कुठे, हा प्रश्न तिथेच राहिला.

त्याचे उत्तर पंचवीस वर्षांनी आले, तेही अन्नाच्या हक्काच्या खटल्यातून. जानेवारी 2010 मध्ये दिल्लीच्या थंडीत बेघर माणसे मरत असताना न्यायालयाने नेमलेले आयुक्त एन. सी. सक्सेना आणि हर्ष मंदेर यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. पुढच्या आदेशांतून एक मोजपट्टी ठरली: शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा, तो वर्षभर आणि चोवीस तास उघडा. 2013 मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान सुरू झाले तेव्हा त्यात ‘शहरी बेघरांना निवारा’ हा स्वतंत्र घटक आला आणि ही मोजपट्टी योजनेत शिरली. दर लाखामागे किमान शंभर जणांची सोय, माणशी 50 चौरस फूट जागा, पाणी, स्वच्छतागृह, स्वयंपाकाची सोय, सामान ठेवायला जागा.

मुंबईची लोकसंख्या 2011 मध्ये 1.24 कोटी होती. या हिशेबाने शहराला सव्वाशेच्या आसपास निवारे लागतात. प्रत्यक्षात गेल्या दशकातला बराच काळ हा आकडा दोन-अडीच डझनांच्या घरात राहिला आणि त्यांतले अनेक निवारे फक्त मुलांसाठी होते. एकट्या प्रौढ पुरुषाला, स्त्रीला किंवा कुटुंबाला रात्री दार ठोठावता येईल अशी ठिकाणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच.

पैसा कुठून निघतो आणि कुठे अडतो

2024 मध्ये मुदत संपलेल्या या योजनेतला पैसा केंद्र आणि राज्य यांच्यात विभागलेला होता. महाराष्ट्रासारख्या राज्यासाठी सुरुवातीला केंद्राचा वाटा 75 टक्के होता, नंतर तो 60 वर आला. केंद्राचा हप्ता राज्याकडे, राज्याकडून नगरपालिका किंवा महापालिकेकडे, तिथून निवारा चालवणाऱ्या संस्थेकडे. प्रत्येक टप्प्यावर आधीच्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र लागत असे. एका नगरपालिकेने ते वेळेत दिले नाही की पुढची साखळी थांबत असे.

इथे एक विरोधाभास दिसतो. कागदावर निधी पडून असतो आणि निवाऱ्यात पगार थकलेले असतात. सर्वोच्च न्यायालयात ई. आर. कुमार खटल्यात नेमके हेच समोर आले. केंद्राने दिलेला पैसा राज्यांनी वापरलाच नाही, हे पाहून न्यायालयाने नोव्हेंबर 2016 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने निवारे प्रत्यक्ष पाहिले. पुढे राज्य पातळीवर देखरेखीच्या समित्या नेमण्याचे आदेशही निघाले.

निधी खर्च का होत नाही? बांधकामासाठी जागा लागते आणि मोक्याची जागा बेघरांसाठी सोडायला कोणतीही महापालिका सहज तयार होत नाही. मुंबईच्या 2034 च्या विकास आराखड्यात निवाऱ्यांसाठी आरक्षणे आहेत, पण आरक्षण आणि इमारत यांच्यामध्ये किती वर्षे जातात हे मुंबईकरांना सांगायला नको. शेजारच्या सोसायट्या विरोध करतात, नगरसेवक त्यांच्या बाजूने उभे राहतात. बेघराचे मत मोजायचे कोणी? निवडणूक आयोगाच्या नियमांत बेघरांच्या नावनोंदणीची सोय आहे: मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री जाऊन तो माणूस सांगितलेल्या जागी खरोखर झोपतो का हे पाहावे. ही तसदी घेतली गेली तरच नाव यादीत लागते. ज्याचे यादीत नाव नाही, त्याच्यासाठी प्रभागात भांडणारे कोणी नसते.

पन्नास हजारांचा हिशेब

खरी गोम पुढे आहे. निवारा बांधून झाला, फीत कापली, आता तो चालवायचा. पन्नास जणांच्या निवाऱ्याच्या देखभालीसाठी योजनेने वर्षाला 6 लाख रुपये धरले, तेही पाच वर्षांसाठी. त्यानंतर स्थानिक संस्थेने स्वतःच्या पायावर पाहून घ्यायचे.

सहा लाख म्हणजे महिन्याला 50 हजार. माणशी महिन्याला एक हजार, दिवसाला साधारण 33 रुपये. एवढ्यात सगळे. योजनेनुसार निवाऱ्यात एक व्यवस्थापक आणि आठ-आठ तासांच्या पाळीने काम करणारे किमान तीन काळजीवाहक हवे होते. प्रत्येकाला अवघे दहा हजार धरले तरी पगारातच 40 हजार गेले. उरलेल्या दहा हजारांत वीज, पाणी, फिनेल, साबण, गाद्यांची खोळ, औषधाची पेटी आणि नळ गळला तर प्लंबर. म्हणजे माणशी महिन्याला दोनशे रुपये. आणि दहा हजारांत चोवीस तास चालणाऱ्या जागी, व्यसनी, आजारी, मनाने खचलेल्या माणसांमध्ये काम करायला कोण टिकणार?

तीन काळजीवाहकांचे गणितही जुळत नाही. दिवसाच्या तीन पाळ्या, आठवड्याच्या एकवीस. प्रत्येकाने साप्ताहिक सुट्टी घेतली तर तिघे मिळून अठराच पाळ्या भरतात. उरलेल्या तीन पाळ्या कोण करणार? कोणी आजारी पडले, गावी गेले, लग्नाला गेले तर? मग पाळी आठऐवजी बारा तासांची होते, सुट्टी कागदावर राहते आणि व्यवस्थापकच रात्री खुर्चीवर पेंगतो. सुट्टीची सोय धरून आखणी केली असती तर किमान चार काळजीवाहक लागले असते. पण चौथ्याचा पगार 6 लाखांत बसत नाही.

पाळीवर एकट्या असलेल्या काळजीवाहकाच्या वाट्याला काय काय येते? संध्याकाळी दार उघडायचे, वहीत नाव, गाव, वय आणि अंगठा घ्यायचा. नव्याची चौकशी करायची, पण हाकलायचे नाही. दारू पिऊन आलेल्याला बाकीच्यांपासून वेगळे झोपवायचे. चोरीची तक्रार सोडवायची. मध्यरात्री पोलिसांची गाडी पायाला जखम चिघळलेल्या म्हाताऱ्याला आणून सोडते. त्याला सरकारी रुग्णालयात न्यायचे तर केसपेपर काढायला, वॉर्डात दाखल होईपर्यंत सोबत थांबायला माणूस लागतो, कारण सोबत नातेवाईक नसलेल्याला कोणी पटकन हात लावत नाही. काळजीवाहक गेला तर निवाऱ्यात 49 जण विनादेखरेख. नाही गेला तर म्हातारा सकाळपर्यंत तसाच. नर्स, समुपदेशक किंवा समाजसेवक या किमान संचात नाहीतच. ती कामे इतर योजनांशी ‘सांगड’ घालून करायची, असे कागद सांगतो. सांगड घालायलाही माणूसच लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच काळजीवाहक कागदपत्रांना भिडतो. हजेरीपट, मुक्कामाची नोंदवही, खर्चाची व्हाउचरे, फोटो. हे सगळे लावले की संस्थेचे देयक नगरपालिकेत जाते. त्यात त्रुटी निघते, ते परत येते, पुन्हा जाते. बिल पास होईपर्यंत संस्थेने पदरचे पैसे घालायचे. मोठी संस्था देणगीदारांच्या जोरावर तग धरते. छोटी संस्था आधी काळजीवाहकाचा पगार लांबवते, मग माणूस कमी करते आणि शेवटी निवारा सोडून देते. पुन्हा निविदा निघते, तोवर दाराला कुलूप.

नगरपालिकेच्या बाजूलाही चित्र फारसे वेगळे नाही. अभियानाचे शहर व्यवस्थापक आणि समुदाय संघटक कंत्राटी होते. त्यांच्याकडे बचत गट, कर्ज प्रकरणे, फेरीवाल्यांचे सर्वेक्षण आणि त्यात भर म्हणून निवारा. बेघरांसाठी म्हणून एकही कायम पद नसलेली शहरे बहुसंख्य आहेत. शिवाय महाराष्ट्रात 2015 मध्ये स्थानिक संस्था कराचा (एलबीटी) मोठा भाग आणि 2017 मध्ये मुंबईची जकात गेल्यापासून महापालिका राज्याच्या भरपाईवर विसंबून आहेत. मुंबईची गोष्ट वेगळी, पण क आणि ड वर्गातल्या शहरांना सहाव्या वर्षी निवाऱ्याचा खर्च स्वतः उचला म्हणणे म्हणजे आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असा प्रकार.

दाराबाहेर राहणारे

अशा तुटपुंज्या मनुष्यबळावर निवारा चालवायचा तर व्यवस्थापक साहजिकच सोपी माणसे घेतो. एकटा, कामावर जाणारा, न भांडणारा पुरुष. सर्वांत गरजू माणसे मग बाहेर राहतात.

पहिली कुटुंबे. मुंबईत कुटुंबाने पदपथावर राहणाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे. मराठवाड्यातल्या दुष्काळातून किंवा गुन्हेगारीच्या शिक्क्यामुळे गावोगाव हाकलले गेल्याने आलेली पारधी कुटुंबे दोन-तीन पिढ्या पुलाखाली आहेत. निवाऱ्यात नवरा एका ठिकाणी, बायको दुसरीकडे आणि मोठा मुलगा तिसरीकडे, अशी विभागणी त्यांना नको असते. फुले, गजरे, फुगे विकण्याचा धंदा ज्या सिग्नलवर आहे तिथून लांबचा निवारा उपयोगाचा नसतो.

दुसरे रुग्ण. परळच्या टाटा रुग्णालयाबाहेर बंगाल, बिहार, आसामातून आलेली कुटुंबे उपचार चालू असताना पदपथावर दिवस काढतात. यांच्यासाठी महाराष्ट्राने एके काळी सरकारची वाट पाहिली नव्हती. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी आणि मुंबईत लोकवर्गणीतून धर्मशाळा उभ्या केल्या. बेघरांना आसरा हे त्यांच्या दशसूत्रीतले एक सूत्र. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आजही कर्करुग्णांना आधार देते. पण देणगीवर चालणारी धर्मशाळा आपल्या ऐपतीएवढ्या खोल्या देऊ शकते, शहराच्या गरजेएवढ्या नाही.

तिसरे मनोरुग्ण. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षणात घेऊन आरोग्य केंद्रात नेण्याची जबाबदारी पोलिसांवर टाकली. राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. तिथून बरा झालेला, पण घर न सापडलेला माणूस कुठे जाणार? कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राने अशा हजारो जणांना उपचार करून गावी पोहोचवले, त्यासाठी डॉ. भरत वाटवानी यांना 2018 मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या कामाचे मर्म औषधांइतकेच सोबतीला जाणाऱ्या कार्यकर्त्यात आहे. रुग्णाची भाषा ओळखून, गाव शोधून, त्याला दारापर्यंत नेऊन सोडणारा माणूस. सरकारी निवाऱ्याच्या अंदाजपत्रकात हे पद नाही.

कोंडण्यासाठी कायम, सांभाळण्यासाठी कंत्राटी

बेघरांसाठी सरकारकडे दुसरे एक दार मात्र फार जुने आहे. 1959 चा भिक्षा प्रतिबंध कायदा. या कायद्यात पोटापाण्याचे दिसेल असे साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणे हीदेखील भिक्षाच. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे, वारंवार सापडल्यास दहा वर्षांपर्यंत भिक्षेकरी गृहात ठेवता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2018 मध्ये तिथे लागू असलेल्या याच कायद्यातल्या शिक्षेच्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. महाराष्ट्रात मात्र तो चालू आहे आणि चेंबूरसारखी गृहेही.

गंमत अशी की या गृहांना अधीक्षक आहेत, मंजूर पदे आहेत, महिला व बालविकास विभागाच्या अर्थसंकल्पात स्वतःचे शीर्ष आहे. तिथल्या रहिवाशांच्या कामाचा मोबदला दशकानुदशके महिना पाच रुपये होता. तो दिवसाला 40 रुपये करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने 2025 मध्ये घेतला. म्हणजे ज्या माणसाला पकडून ठेवायचे त्याच्यासाठी शासनाची कायम व्यवस्था, आणि जो स्वतःहून दार ठोठावतो त्याच्यासाठी अकरा महिन्यांचा करार. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना ही म्हण शासन व्यवहारात इतकी तंतोतंत क्वचितच उतरते.

इतर शहरांनी काय केले

दिल्लीत 2010 च्या कायद्याने नागरी निवारा सुधार मंडळ स्थापन झाले आणि बेघरांचा विषय एका यंत्रणेच्या गळ्यात पडला. निवाऱ्यांची संख्या दोनशेच्या आसपास गेली. त्यांत पोर्टा केबिन बऱ्याच आहेत, उन्हाळ्यात त्या तापतात, यमुनाकाठचे काही निवारे पाडलेही गेले. तरी बेघर मेला तर जाब कोणाला विचारायचा हे दिल्लीत ठरलेले आहे. मुंबईत तो नियोजन विभाग, आरोग्य विभाग, पोलीस आणि महिला व बालविकास यांच्यात फिरत राहतो.

चेन्नई महापालिकेने पन्नासच्या आसपास निवारे चालवताना गरजेप्रमाणे वर्गवारी केली: स्त्रियांसाठी, मुलांसाठी, वृद्धांसाठी, मनोरुग्णांसाठी आणि मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या आवारात रुग्णांच्या नातेवाइकांसाठी. परळच्या पदपथाला यातून घेण्यासारखे बरेच आहे.

परदेशात फिनलंडचे उदाहरण दिले जाते. 2008 पासून तिथे मोठी वसतिगृहे टप्प्याटप्प्याने बंद करून बेघरांना थेट भाड्याची घरे दिली गेली. आपल्याकडची घरांची टंचाई पाहता ते मॉडेल जसेच्या तसे येणार नाही. पण घर दिल्यावरही तिथे कर्मचारी काढले नाहीत. घर आणि आधार देणारा माणूस हे दोन्ही एकाच योजनेचे भाग मानले गेले.

फुकट मिळते म्हणून?

या सगळ्यावरचा मोठा आक्षेप न्यायालयातच ऐकू आला. जुलै 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेवर म्हटले की बेघरांनीही देशासाठी काम करावे, सगळेच शासन पुरवू शकत नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये शहरी बेघरांच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयात न्या. भूषण गवई यांनी फुकटच्या योजनांमुळे लोक काम करायला तयार नसतात अशी टिप्पणी केली आणि महाराष्ट्रातल्या शेतीला मजूर मिळत नाहीत याचा दाखला दिला.

शेतमजुरांची टंचाई खरी आहे. पण पदपथावरचा माणूस बहुतेक वेळा आधीच कामावर असतो: नाक्यावर, हमालीत, भंगारात, लग्नाच्या मांडवात. त्याचे अडते ते कामाशिवायच्या गोष्टींत. रात्री सामान चोरीला जाते, अंघोळीची सोय नसते, पत्ता नसल्याने आधार नाही, आधार नाही म्हणून रेशन आणि बँक नाही. जानेवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच उत्तर प्रदेशाला विचारले होते की आधार नसलेल्या बेघराला निवाऱ्यात जागा मिळणार कशी. चालणारा निवारा माणसाला कामावर टिकवतो आणि त्याचे कागद करून देतो. त्या अर्थाने काळजीवाहकाचा पगार ही खैरात नाही. रोजगाराच्या कोणत्याही योजनेइतकाच तो उत्पादक खर्च आहे.

दुसरा आक्षेप गैरव्यवहाराचा. खोट्या नोंदी, दाखवायला भरलेल्या खाटा, कागदोपत्री कर्मचारी. तो साधार आहे. पण त्यावरचा उपाय पगार आणखी कमी करणे नव्हे. काळजीवाहकाचे वेतन थेट त्याच्या खात्यावर गेले, निवाऱ्याचा सामाजिक लेखाजोखा रहिवाशांसमोर झाला, तर चोरी करायला फार जागा उरत नाही.

पुढच्या आराखड्यात काय असावे

उपजीविका अभियानाची मुदत 2024 मध्ये संपली. त्याच्या जागी येणाऱ्या नव्या शहरी योजनेचा पथदर्शी टप्पा त्या वर्षाच्या शेवटी 25 शहरांत सुरू झाला आणि शहरी दारिद्र्य निर्मूलनाची नवी मोहीम अंतिम टप्प्यात असल्याचे केंद्राने फेब्रुवारी 2025 मध्ये न्यायालयाला सांगितले. म्हणजे निधीची रचना नव्याने मांडण्याची संधी आहे.

त्यात चार गोष्टी व्हाव्यात. एक, वेतन आणि देखभाल ही शीर्षे वेगळी ठेवावीत, म्हणजे वीज बिल वाढले की माणूस कमी होणार नाही. वेतन राज्याच्या किमान वेतनाशी जोडावे आणि साप्ताहिक सुट्टी धरूनच कर्मचाऱ्यांची संख्या ठरवावी. दोन, दर काही निवाऱ्यांमागे एक नर्स आणि एक समाजसेवक, फिरत्या पद्धतीने का होईना, कायम पदावर असावेत. तीन, पाच वर्षांनी मदत एकदम थांबवण्याऐवजी ती हळूहळू कमी व्हावी आणि लहान शहरांसाठी राज्याने वाटा उचलावा. चार, भिक्षेकरी गृहांची मंजूर पदे आणि इमारती स्वेच्छेने येणाऱ्यांच्या निवाऱ्यांकडे वळवाव्यात. या चौथ्या गोष्टीसाठी नवा पैसा थोडाच लागेल. मुख्यतः 1959 चा कायदा बदलावा लागेल, आणि तो अधिकार विधिमंडळाकडे आहेच.

तोवर एक काम कोणत्याही शहरातल्या नागरिकाला करता येईल. महापालिकेचा अर्थसंकल्प आला की बेघर निवाऱ्याच्या शीर्षाखाली किती तरतूद आहे हे पाहण्यावर थांबू नये. त्यातले किती पगारासाठी आहेत, गेल्या वर्षी किती महिने पगार वेळेवर झाले आणि रात्रपाळीला किती माणसे होती, एवढे माहितीच्या अधिकारात विचारावे. या तीन उत्तरांवरून निवारा चालतो आहे की नुसता उभा आहे, हे कळते.